कुलपातला बाळ येशू

मुकुसेरी या डोंगरातल्या गावाच्या चर्चमध्ये ओबदुलिया रांगेल डावीकडच्या शेवटच्या बाकावर, भिंतीला पाठ लावून बसायची. पुढे या म्हटले तर सांगायची की पुढे बसले की मागे काय चाललंय ते दिसत नाही. लग्न होऊन त्या डोंगरात आली तेव्हापासून, म्हणजे बेचाळीस वर्षे, तिने त्याच बाकावरून मिस्सा, म्हणजे चर्चची मोठी उपासना, ऐकली. कोण उशिरा आले, कम्युनियनचा प्रसाद घ्यायला कोण गेले नाही, कोणाच्या बुटांना लसणाच्या वाफ्यातला चिखल तसाच होता, हे सगळे ती घरी येऊन नवऱ्याला सांगायची. तेओदुलो ऐकून घ्यायचा आणि शेवटी विचारायचा, "आणि फादर काय म्हणाले?" ते मात्र तिला आठवत नसे.

हा स्वभाव तिला बापाने दिला होता. बाप खेचरांवर बटाट्याची पोती लादून खालच्या बाजारात न्यायचा आणि तिथला व्यापारी काट्याला बोट लावायचा. सात वर्षांच्या ओबदुलियाला बापाने काट्यासमोर उभे केले आणि सांगितले की काहीही झाले तरी व्यापाऱ्याच्या हातावरून नजर हलवायची नाही. तिने हलवली नाही. पुढे बाप गेला, व्यापारी गेला, खेचरांच्या वाटेवर डांबर पडले, तरी ती माणसांच्या हातांकडेच बघत राहिली. सुईण, दूध नेणारा ट्रकवाला, लसूण निवडायला येणाऱ्या बायका, स्वतःचे जावई, कोणालाही तिने यातून वगळले नाही. देवाला वगळले असेल असे तिला वाटायचे.

घरात देव म्हणजे बाळ येशू. देवदाराच्या लाकडाचा, एक वीत लांब, दोन्ही हात पसरलेला, निळ्या काचेच्या डोळ्यांचा. तो सासूच्या माहेरून आला होता. झोपवला तर झोपायचा आणि तळपाय सपाट असल्यामुळे उभा केला तर उभाही राहायचा. डोक्यात चांदीची तीन किरणे खोचलेली होती, करंगळीच्या पेराएवढी. सासू, जिला सगळे मानाने दोन्या रोसेन्दा म्हणत, हयात असताना धाकट्या मुलाने, निकासिओने, त्याच्यासाठी काचेची पेटी करून दिली. निकासिओ सुतार होता. पेटीला कडी होती, कुलूप नव्हते.

एकोणीसशे सत्तरच्या मार्चमध्ये रोसेन्दा वारली. तिला आंघोळ घालून कपडे चढवायला बाळाची पेटी होती त्या खोलीत दोन्ही सुना होत्या, थोरली ओबदुलिया आणि निकासिओची बायको एमेतेरिया. नवव्या दिवशीची रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, संपली, सगळा गाव अजून बसलेला होता, आणि ओबदुलियाची नजर बाळाच्या डोक्यावर गेली. किरणे नव्हती. तीन बारीक भोके तेवढी दिसत होती. तिने आवाज चढवला नाही. एवढेच म्हणाली की त्या खोलीत आम्ही दोघीच होतो आणि मी नेलेली नाहीत. मग ती खाली बसली. एमेतेरियाने शाल घेतली आणि ती निघून गेली. त्या दिवसापासून जावा एकमेकींशी बोलल्या नाहीत. तीन वर्षांनी निकासिओ गेला तेव्हा ओबदुलिया दफनाला गेली, मागे भिंतीशी उभी राहिली आणि एक शब्द न बोलता घरी आली. पेटीला तिने पितळी कुलूप लावले. किल्ली गळ्यात, स्कॅप्युलरच्या म्हणजे पवित्र कापडी ताईताच्या दोरीला. भोके मेणाने बुजवली.

आता मुकुसेरीत बाळाला कुलूप लावणे म्हणजे शेजाऱ्यांच्या तोंडावर दार लावण्यासारखे. नाताळात गव्हाणीत झोपवलेले बाळ दोन फेब्रुवारीच्या आत, मेणबत्त्यांच्या सणाच्या आत, उभे करायचे असते. जी उशीर करते तिचे बाळ शेजारी चोरतात. मग मालकिणीने गाणारे बरोबर घेऊन दारोदार कडवी म्हणत शोधत जायचे, सापडेल तिथून रेशमी रुमालात घालून मिरवत आणायचे, उभे करायचे आणि आलेल्यांना केक, वाइन द्यायची. चोर त्या बाळाची धर्ममाता होते आणि मालकीण व चोर जन्मभराच्या कोमाद्रे. ते नाते बहिणींपेक्षा जड. कोमाद्रेविरुद्ध साक्ष देता येत नाही, तिच्या दारावरून न थांबता जाता येत नाही, तिच्या आजारपणात उशाशी बसावे लागते. हे नाते हवे असते म्हणून बायका मुद्दाम उशीर करतात, खिडकी लोटून ठेवतात, आणि कोणीच चोरले नाही तर मनातून खट्टू होतात. ओबदुलियाचे बाळ अकरा वर्षांत एकदाही चोरीला गेले नव्हते. ती ठरवेल त्या दिवशी, ती बोलावेल तीच माणसे यायची आणि काचेचे चुंबन घेऊन जायची. काच ती लगेच पुसायची. आपल्या घरची भक्ती किती नीटनेटकी आहे, असे तिला वाटायचे.

एक्क्याऐंशीच्या सहा जानेवारीला, मंगळवारी, तीन राजांच्या सणाची मिस्सा आटोपून ती अकराच्या सुमारास घरी आली. कुलूप जागेवर होते. काच शाबूत होती. किल्ली गळ्यात होती. नाताळची गव्हाणी म्हणून पेटीतल्या मखमलीवर पसरलेल्या गवतात एक वीत लांबीचा खळगा होता आणि बाळ नव्हते.

तेओदुलो स्वयंपाकघरात चुलीपाशी कॉफी पीत बसला होता.

"कोण आलं होतं?"

"कोणी नाही. मी गाईकडे होतो."

"कुत्रा भुंकला?"

"नाही."

"म्हणजे ओळखीचं माणूस."

"मुकुसेरीत अनोळखी कोण आहे, ओबदुलिया?"

तो हसतोय असे तिला दिसले आणि तिने पहिला संशय त्याच्यावर घेतला. गादीखाली बघितले, त्याचा अंगावर घ्यायचा लोकरी रुआना उचलून झटकला, लाकडांचा ढीग हलवला. तो म्हणाला, "बुटातही बघून घे. एक वीतच आहे, मावेल." मग म्हणाला, "शेवटी कोणीतरी आपलं बाळ चोरलं. वाइन मी आणतो."

चोरी ती चोरीच, असे ती म्हणाली. पेटी तिने चारही बाजूंनी तपासली आणि तिला काही कळले नाही.

रीत अशी की चोराने आठवडाभरात डॉन क्रिसांतोला गुपचूप कळवायचे. हा गावाचा प्रार्थना सांगणारा आणि व्हायोलिन वाजवणारा. फादर महिन्यातून दोन रविवारी आणि मोठ्या सणांना वर यायचे, बाकी जन्म, मरण, रोझरी सगळे क्रिसांतोच्या गळ्यावर चालायचे. चोराचा निरोप आला की तो मालकिणीला दिवस सांगतो, नाव सांगत नाही. आठवडा गेला. क्रिसांतो आला नाही. दुसरा आठवडा गेला. आता ही रीतीची चोरी नाही, खरीच चोरी आहे, असे ओबदुलियाने ठरवले. शहरातून जुन्या मूर्ती विकत घेणारे लोक दोन गावे पलीकडपर्यंत येऊन गेले होते, हे तिने ऐकले होते.

ती घरोघर फिरू लागली. एका घरी चाळणी परत करायला गेली, जी तिची स्वतःचीच होती. एका घरी म्हणाली की कोंबडी सापडत नाही, आणि खाटेखाली वाकून बघितले. घरच्या बाईने सांगितले की दोन्या, कोंबडी खाटेखाली असेल, पण कपाटात नसते हो. डॉन लिसान्द्रो पाच वर्षांपूर्वी चर्च सोडून खालच्या नव्या प्रार्थनाघरात जाऊ लागला होता, आणि ते लोक मूर्तींना लाकूड म्हणतात. त्याच्याकडे तर ती कोंबडीचेही निमित्त न करता सरळ गेली. तो लसणाच्या जुड्या बांधत होता. उठला, खोलीचे दार उघडून दिले आणि म्हणाला, "बघून घ्या. आम्ही लाकडापुढे गुडघे टेकत नाही, पण दुसऱ्याचं लाकूड उचलतही नाही." ती बघत असताना तो मागून म्हणाला, "एक विचारू? तुम्ही त्याला देव मानता ना? मग कुलपात कोण ठेवतं देवाला?"

"चोर आहेत म्हणून," ती म्हणाली.

"त्याच्याशेजारी क्रुसावर चोरच होते, दोन्या."

पाखंडी माणसाला उत्तर द्यायचे नाही म्हणून ती तशीच बाहेर पडली. घरी येऊन तेओदुलोला मात्र तिने सांगितले की लिसान्द्रोने फारच पटकन दार उघडले, त्यात काहीतरी आहे.

अठरा जानेवारीच्या मिस्सेत तिला खरा धागा सापडला. कम्युनियन घेऊन परतणारी एमेतेरिया शेवटच्या बाकाजवळून गेली आणि तिच्या शालीला रॉकेलचा वास आला. एमेतेरियाच्या घरी वीज येऊन दोन वर्षे झाली होती. मग रॉकेल कशाला? पुढच्या रविवारीही तोच वास, आणि जोडलेल्या हातांची बोटे पिवळट. ओबदुलियाच्या डोक्यात सगळे जुळले. रंग खरवडून काढायला रॉकेल. रंग काढला की मूर्ती ओळखू येत नाही. ओळखू आली नाही की विकता येते. ज्या बाईने किरणे नेली ती आता उरलेले नेत होती. त्या दिवशी ती मिस्सा संपण्याआधीच निघून आली, आणि हे तिच्या आयुष्यात पहिल्यांदा घडले.

गुरुवारी, एकोणतीस तारखेला, क्रिसांतो दारात उभा. टोपी हातात, चेहरा सणाचा. चोराचा निरोप आला, म्हणाला. रविवारी दुपारी तीनला शोधायला निघायचे.

"तेवीस दिवसांनी?"

"उशीर झाला खरा. चोराला काम होतं म्हणे."

"नाव सांगा."

"शोधलंत की कळेल."

"मला माहीत आहे कोण ते."

"मग तर सोपंच झालं."

"त्या दारात मी जाणार नाही, डॉन क्रिसांतो. तेओदुलो जाईल."

क्रिसांतोने कॉफीचा पेला खाली ठेवला. तेओदुलोने जायला हरकत नाही, तो म्हणाला, पण दार मालकिणीने वाजवायचे असते. नवऱ्याने वाजवलेल्या दाराचे कडवे त्याला येत नाही. त्याच्या आजोबालाही येत नव्हते.

तिने ते तीन दिवस कसे काढले ते तेओदुलोलाच ठाऊक. बाळ उभे न करता मेणबत्त्यांचा सण उलटला तर बटाट्यावर गारा पडतात, असे लोक म्हणायचे. गारांची तिला एवढी भीती नव्हती. भीती होती ती दार उघडून एमेतेरिया समोर उभी राहील आणि सगळ्या गावासमोर तिला कोमाद्रे म्हणावे लागेल याची. जिला चोर म्हटले तिच्या उशाशी मरेपर्यंत बसायचे. आणि दार वाजवले नाही तर बाळ जायचे. हाच डाव आहे, तिची खात्री झाली. तिला दारात आणण्यासाठीच एमेतेरियाने हे केले आहे. तरीही शनिवारी तिने बारा अंड्यांचा केक भाजला. केक चांगला फुगला, तर तिला त्याचाही संशय आला.

रविवारी तीनला अंगणात चाळीसेक माणसे जमली. हाताने वाऱ्याला आडोसा करत त्यांनी मेणबत्त्या पेटवल्या. मिरवणुकीत बाळाचा बाप म्हणून सहासष्ट वर्षांचा तेओदुलो योसेफ झाला होता, दाढी कापसाची. आई मरिया होती शेजारची सोळा वर्षांची पोर, आणि ती सारखी हसत होती कारण योसेफाला वाटेत दोनदा लघवीला थांबावे लागले. क्रिसांतोने व्हायोलिन हनुवटीखाली धरले. पहिल्या दारात ओबदुलियाने टकटक केली, लोकांनी विचारणारे कडवे म्हटले, आतून नाही म्हणणारे कडवे आले. दुसऱ्या दारात तसेच. वस्ती दगडी कुंपणांच्या मधून उतरत गेली होती आणि लोकांच्या मागून मेणाचा वास उतरत होता. लिसान्द्रोच्या दारापाशी लोक पुढे सरकणार तेवढ्यात त्यानेच बाहेर येऊन सांगितले की इथे नाही, पण कॉफी आहे, आणि मग तोही मागून चालू लागला. सहा घरे झाली. सातवे, सगळ्यात खालचे, एमेतेरियाचे.

कुंपणाच्या वळणावर ओबदुलिया थांबली.

तिच्यामागे सगळे थांबले. क्रिसांतोने व्हायोलिनचा गज खाली केला. कोणी काही म्हणाले नाही, आणि हेच तिला सहन झाले नाही; कोणी आग्रह केला असता तर तिला भांडता आले असते. वाऱ्याने चार-पाच मेणबत्त्या विझल्या आणि लोक एकमेकांच्या वातीवरून त्या पुन्हा पेटवू लागले. उभ्या उभ्या तिला एकाएकी फादरांचे बोलणे आठवले, ज्या बोलण्याविषयी तेओदुलो बेचाळीस वर्षे विचारत होता. गेल्या उपवासकाळातला उपदेश होता. वेदीशी दान घेऊन आलात आणि आठवलं की कोणाच्या मनात तुमच्याबद्दल काही सल आहे, तर दान तिथेच ठेवा, आधी त्याच्याकडे जा, मग या. हे तिला लख्ख आठवले, कारण ते ऐकताना एमेतेरिया नीट ऐकते आहे ना, हे तिने मान उंचावून बघितले होते. फादर तिच्यासाठीच बोलतायत असे तेव्हा तिला वाटले होते.

ती उतरली आणि तिने दार वाजवले. जरा जोरातच.

लोकांनी कडवे म्हटले. आतून उत्तराचे कडवे एकाच आवाजात आले, फाटक्या आणि किंचित बेसूर. बाळ इथे आहे, गारठले होते म्हणून घरात घेतले. दार उघडले. एमेतेरिया छप्पन्न वर्षांची, केस पांढरे झालेले. एवढ्या जवळून ओबदुलियाने ते बघितलेच नव्हते. मागे टेबलावर पांढऱ्या कापडावर बाळ झोपले होते. रंग जसाच्या तसा होता, निळे डोळे, गुलाबी गाल. ओबदुलिया थेट गेली आणि डोके बघितले.

"डोकंच बघणार आधी, मला ठाऊक होतं," एमेतेरिया म्हणाली. अकरा वर्षांतले पहिले वाक्य. "भोकं आहेत तशीच आहेत, जाऊबाई. मेण मी काढलं."

"का काढलंस?"

"वरून आत रॉकेल सोडायला दुसरी वाट नव्हती. उलटं करा आणि पाय बघा."

ओबदुलियाने बाळ उचलले. ते तिला हलके लागले, नको तितके हलके. तिने ते उलटे केले. एका पायाचा अंगठा आणि दोन बोटे नव्हती. दुसऱ्या तळपायाला वरून रंग होता आणि आत काही नव्हते. बारीक बारीक भोकांतून पिवळा भुसा तिच्या तळहातावर सांडला. हाच भुसा दोन वर्षे ती पेटीच्या मखमलीवरून फडक्याने टिपत होती. रस्त्याच्या कामाची धूळ, असे म्हणत होती. नाहीतर तेओदुलोची तंबाखू.

"सहा तारखेला घरी आणलं, टेबलावर उभं केलं आणि अंगठा तुटून पडला," एमेतेरिया सांगत होती. "मला वाटलं, आता थोरली म्हणणार मीच मोडलं. कीड पार गुडघ्यापर्यंत गेलीये. रोज सुईने थेंब थेंब सोडत होते. बुधवारी भुसा पडायचा थांबला, तेव्हा डॉन क्रिसांतोला कळवलं."

"पेटी कशी उघडलीस?"

"मागची फळी वर सरकते. निकासिओने केलेली पेटी ती. तुम्ही पुढून कुलूप लावलंत."

दारात गर्दी झाली होती. मागचे पुढच्यांना विचारत होते आणि पुढचे त्यांना गप्प करत होते. ओबदुलियाने बाळ पुन्हा सरळ केले आणि छातीशी धरले, तर भुसा तिच्या काळ्या झग्यावर पडला.

"चोरलंस कशाला पण?"

"कोणीतरी चोरायला नको? सासूबाई होत्या तेव्हा दर वर्षी चोरीला जायचं, एकदा तर दोनदा गेलं. आता लोक तुमच्या तोंडाला भितात. बिचारा काचेमागे बसलेला असतो, कचेरीत मोठ्या साहेबाचा फोटो लावतात तसा. त्याला हात कोण लावतं? तुम्ही तरी लावता?"

ओबदुलियाने तिच्या हातांकडे बघितले. पिवळी पडलेली बोटे, नखांपाशी चिरा. हातांवरून माणूस ओळखता येतो असा तिचा आयुष्यभराचा दावा होता, आणि या हातांवरून तिला एवढेच कळत होते की त्यांनी रॉकेल वापरले आहे. तिने हळू आवाजात विचारले, इतक्या हळू की तेओदुलोला, जो योसेफ म्हणून सगळ्यांत पुढे होता, त्यालाही अर्धेच ऐकू आले.

"किरणं तू घेतलीस का?"

"नाही."

एमेतेरियाने टेबलाची कड धरली. "विचारायला अकरा वर्षं लागली तुम्हाला. तेव्हा सगळ्या गावाला सांगितलंत. मला विचारलं नाहीत."

"मग कोणी घेतली?"

"देव जाणे. मला वाटायचं तुम्हीच घेतली आणि माझं नाव पुढे केलं."

"मी?"

"खोलीत दोघीच तर होतो."

हे ऐकून ओबदुलिया थक्क झाली. तिच्यावर कोणी संशय घेऊ शकेल हे तिच्या मनात कधी आलेच नव्हते, आणि हिने तो इतकी वर्षे घेतला, तरी तोंडातून बाहेर काढला नाही. दफनाच्या दिवशीही नाही. तिला काहीतरी बोलायचे होते, पण जे आले ते खरे आले.

"मला तुझं पटत नाहीये," ती म्हणाली. "अर्धं पटतंय. अर्धं नाही."

"माझंही तसंच आहे," एमेतेरिया म्हणाली. "रुमालाचं टोक धरा, लोक थांबलेत."

रुमाल चौघांनी धरायचा असतो. एका टोकाला चोर, समोरच्या टोकाला मालकीण, उरलेल्या दोन टोकांना क्रिसांतोने तेओदुलोला आणि, गावाला आश्चर्य वाटले, लिसान्द्रोला बोलावले. तो म्हणाला की मी मूर्ती उचलत नाही. क्रिसांतो म्हणाला की मूर्ती कोण उचलायला सांगतंय, फक्त कापड धर. त्याने कापड धरले. चढावर एकाने जरा ओढले की बाळ त्याच्याकडे घरंगळायचे, म्हणून चौघांना एकमेकांच्या पावलांकडे बघत चालावे लागले. ओबदुलियाला दम लागला तेव्हा एमेतेरिया थांबली. एमेतेरियाचा गुडघा दुखू लागला तेव्हा ओबदुलिया थांबली, आणि तेओदुलोची कापसाची दाढी वाऱ्याने उडाली तेव्हा सगळेच थांबले.

घरी गव्हाणीपुढे नवीच अडचण आली. पाय तर पोकळ झालेले, मग उभे कसे करायचे? लोक सुचवू लागले, मागे काठी लावा, मेणाचा गोळा ठेवा, वीट ठेवा. क्रिसांतोने सगळ्यांचे ऐकून घेतले आणि सांगितले की काठीला टेकवलेल्या बाळाचे कडवे त्याला येत नाही. धरून उभे करा. धर्ममाता एका बाजूने, मालकीण दुसऱ्या बाजूने.

मग त्या दोघी गव्हाणीच्या दोन्ही बाजूंना गुडघे टेकून बसल्या. एकीने डावीकडून कमरेला धरले, दुसरीने उजवीकडून. बोटे एकमेकींच्या बोटांवर चढली, कारण कंबर चार बोटांचीच होती. क्रिसांतोने आधी दोघींना एकमेकींना हाक मारायला सांगितले. एमेतेरिया चटकन म्हणाली, "कोमाद्रे." ओबदुलियाने घसा साफ केला, पुन्हा साफ केला, आणि म्हणाली, "कोमाद्रे." मग लोक एकेक करून पुढे आले आणि गुडघ्यावर वाकून बाळाचे चुंबन घेऊ लागले, या वेळी काचेचे नाही, लाकडाचे. कोणाचे ओठ कपाळाला लागले, कोणाचे पोटाला, एका म्हातारीचे चुकून ओबदुलियाच्या अंगठ्याला. लिसान्द्रो दारातच उभा राहिला, टोपी काढून. पुसायला तिच्यापाशी फडके नव्हते आणि असते तरी हात मोकळा नव्हता.

त्यानंतर रोझरी. पाचही रहस्ये, म्हणजे माळेचे पाचही टप्पे, कारण क्रिसांतो एकही गाळत नसे. दुसऱ्या रहस्यात ओबदुलियाचे मनगट भरून आले. तिसऱ्यात तिला पुन्हा किरणांचा विचार आला. दोन मुली आंघोळीचे पाणी घेऊन आत आल्या होत्या का तेव्हा, की खिडकी उघडी होती? हा विचार उद्याही येईल, परवाही येईल, असे तिला वाटले. तिने डोळे मिटले नाहीत. समोर एमेतेरियाच्या कपाळावर घाम होता आणि ती कोपर कुठे टेकतोय का बघत होती.

"हात दुखतोय का?" ओबदुलियाने नमो मरियेच्या मधेच पुटपुटून विचारले.

"तुमचा नाही दुखत?"

"दुखतोय."

"सोडू नका हं. तुम्ही सोडलंत तर माझ्याच्याने एकटीने व्हायचं नाही."

"नाही सोडत," ओबदुलिया म्हणाली, आणि बोटे जरा पुढे सरकवून एमेतेरियाच्या बोटांखाली घेतली, म्हणजे भार तिच्यावर येईल. क्रिसांतोने चौथे रहस्य सुरू केले.